अर्थ उलटा आहे

"पोतनीस, जरा बाजूला उभे राहा. उजेड अडतोय," नाना म्हणाले.

उजेड अडत नव्हता. रविवारची सकाळ होती, साडेनऊ वाजले होते, राजारामपुरीत लख्ख ऊन पडलं होतं आणि मी गाडीपासून चांगला सहा फूट लांब उभा होतो. पण माझे सासरे, निवृत्त प्राध्यापक श्रीनिवास बावडेकर, आणि बॉनेटखाली वाकलेले बाबालाल मुजावर मिस्त्री या दोघांच्या आसपास तिसरा माणूस आला की नानांचा उजेड अडायचाच. मी बाजूला झालो. आठ वर्षं जावई असल्यामुळे बाजूला होण्याचा मला सराव होता.

गाडी म्हणजे छप्पन्न सालची काळी मॉरिस मायनर. नानांनी ती त्रेसष्ट साली घेतली आणि पासष्ट सालापासून बाबालाल मिस्त्री ती सांभाळत होते. दर रविवारी ते उद्यमनगरातून सायकलवर येत, बॉनेट उघडत आणि डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढत. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे इंजिनाच्या चार सिलिंडरांना पाळीपाळीनं ठिणगी वाटून देणारा डबा. जुन्या गाड्यांत त्याच्या पोटात दोन चिमुकले पॉइंट असतात. ते अखंड उघडझाप करतात, झिजतात, काळे पडतात आणि पुन्हापुन्हा घासून नेमक्या अंतरावर बसवावे लागतात. मिस्त्री पॉलिशपेपरनं ते घासत आणि मधली फट मोजायला एक जाड कागदाचा तुकडा आत सरकवून बघत. हा तुकडा माझ्या लग्नपत्रिकेचा होता. मिस्त्रींच्या मते एवढ्या अचूक जाडीची पत्रिका कोल्हापुरात पुन्हा छापली गेली नाही. त्या लग्नाचा निदान एक तरी टिकाऊ उपयोग झाला, असं नाना चारचौघांत सांगत.

काम दहा मिनिटांचं असे. मग गाडी सुरू करायची, मिस्त्रींनी मान तिरकी करून ऐकायचं, स्क्रूड्रायव्हरनं किंचित काहीतरी फिरवायचं, पुन्हा ऐकायचं आणि "हां" म्हणायचं. त्यानंतर अंगणात दोन खुर्च्या यायच्या, चहा यायचा, आणि दोघं बारा वाजेपर्यंत बोलत बसायचे. तालमी, पंचगंगेचं पाणी, कोण गेलं, कोण जायच्या बेतात आहे. मराठीचे प्राध्यापक आणि सातवी नापास मिस्त्री यांना एवढं बोलायला काय सापडतं, हे मला कधी कळलं नाही. मी गेलो की गप्पा थांबत आणि उजेड अडे.

मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. नानांच्या लेखी इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे रेडिओदुरुस्ती. "आमचे जावई रेडिओचं काहीतरी करतात," असं ते पाहुण्यांना सांगत, तेही पाहुण्यांनी दोनदा विचारल्यावर. मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "वा, पोतनीस" ऐकायचं होतं. पस्तिशीच्या माणसाला असली हौस शोभत नाही, पण होती.

ती संधी मला दाभोळकर कॉर्नरनं दिली. गणपती होऊन दोन आठवडे झाले होते. नाना एकटेच गाडी घेऊन निघाले होते, आणि ऐन चौकात मॉरिसनं मान टाकली. मागं दोन एस.टी. बस, एक उसाचा ट्रॅक्टर आणि अख्खं शहर हॉर्न वाजवत उभं राहिलं. शेवटी पोलिसानं आणि नानांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं गाडी ढकलून कडेला लावली. विद्यार्थी इतका आज्ञाधारक निघाला की त्यानं संध्याकाळच्या आत ही बातमी माझ्या बायकोपर्यंत पोचवली.

मृदुला बापाची लाडकी होती, म्हणून तिच्या बोलण्याला घरात कोर्टाची किंमत होती. ती त्याच संध्याकाळी मला घेऊन माहेरी गेली आणि उभ्याउभ्याच निकाल दिला. "नाना, आता पन्हाळ्याला जाऊन यायचं. मी सोबत बसणार. गाडी एकदाही बंद न पडता गेली आणि आली तर ठेवायची. नाहीतर तो दोनदा येऊन गेलेला लग्नवाला आहे, त्याला देऊन टाकायची."

लग्नवाला म्हणजे जुन्या गाड्यांना झेंडूच्या माळा घालून त्यात नवरदेव बसवणारा गृहस्थ. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. घरात नाना होते, पुस्तकं होती आणि दारात गाडी होती. तेवढ्यातली एक गोष्ट जाणार होती, आणि लेकीपुढं त्यांना बोलता येत नव्हतं.

तेव्हा मी घसा साफ केला. "नाना, दोष गाडीचा नाही. पॉइंटचा आहे. आता इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्यूटर मिळतो. जुना काढायचा, त्या जागी हा बसवायचा. बंद पडायचा प्रश्नच येत नाही."

नानांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "त्यात पॉइंट नसतात?"

"नसतात."

"मग घासायचं काय?"

"काहीच नाही. दहा वर्षं झाकण उघडायला नको."

"असं," नाना म्हणाले. त्या 'असं'मध्ये काय होतं ते मी ऐकलं नाही. मी मनातल्या मनात सत्कार स्वीकारत होतो.

बाबालाल मिस्त्रींना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चांगलंच हाय की. माजी नजर बी आता ऱ्हायली न्हाई. फट दिसत न्हाई, अंदाजानं लावतोय." मला वाटलं होतं ते विरोध करतील, मग मी त्यांना सप्रमाण पटवून देईन. माझी एवढी तयारी वाया गेली.

इंग्लंडात असलेल्या एका मित्रानं येताना डिस्ट्रिब्यूटर आणला. सोबत बारा पानी पुस्तिका होती आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलचा एक जादा नग होता. घेणाऱ्याच्या हुशारीचा त्या लोकांना आधीच अंदाज आला असावा.

मी मुद्दाम रविवारी सकाळी आठलाच सुरुवात केली. साडेनऊला मिस्त्री येतील तेव्हा गाडी गुरगुरत असली पाहिजे, असा माझा बेत होता. नाना खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी बॉनेट उघडलं, आणि आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेली ती ओळ दिसली.

'अर्थ उलटा आहे.'

या ओळीबद्दल सांगितलंच पाहिजे. ती बाबालाल मिस्त्रींच्या हातची होती आणि बावडेकरांच्या घराण्यात तिला सुभाषिताचा मान होता. नानांनी ती ज्या दिवशी पहिल्यांदा वाचली, त्या दिवशी ते म्हणे रात्री जेवले नाहीत. एका अल्पशिक्षित कारागिरानं आयुष्यावर केलेलं हे तीन शब्दांचं भाष्य त्यांनी पुढं वीस वर्षं एम.ए.च्या वर्गाला ऐकवलं. जे दिसतं त्याच्या उलट खरं असतं, यंत्राच्या पोटात हात घालणाऱ्याला ते कळतं, आपल्याला कळत नाही, वगैरे. त्यावर त्यांनी एका दिवाळी अंकात आठ पानी लेख लिहिला आणि तोच लेख त्यांच्या दुसऱ्या संग्रहात पहिला घातला. माझ्या लग्नात मला भेट म्हणून तोच संग्रह मिळाला होता. मी तो वाचला होता. निदान तसं सांगितलं होतं.

तर मी ते सुभाषित आदरानं वाचलं आणि कामाला लागलो. इंजिन हातानं फिरवून पहिला सिलिंडर जागेवर आणला. जुना डिस्ट्रिब्यूटर कुठं तोंड करून आहे त्याची खूण केली, बोल्ट सैल केला आणि तो काढला. नवा बसवला. एक, तीन, चार, दोन अशा क्रमानं चारही प्लगच्या वायरी झाकणात खोचल्या. इथवर सगळं पुस्तिकेत दिल्यासारखं झालं. राहिल्या दोन वायरी, एक लाल आणि एक काळी. लाल धनाची, काळी ऋणाची, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं. बॅटरीवर मिस्त्रींनी गोणपाट टाकून ठेवलेलं होतं. ते उचलून बघण्याची मला गरज वाटली नाही. शिकवणाऱ्याला बघायची गरज नसते. किल्लीकडून येणाऱ्या तारेला लाल जोडली, गाडीच्या अंगाला काळी.

"नाना, बघा आता," मी म्हणालो आणि किल्ली फिरवली.

टिक असा आवाज आला. झाकणाखालून धुराची एक बारीक रेघ शांतपणे वर गेली.

नाना पेपराच्या आडून म्हणाले, "काहीतरी करपलंय. तुम्ही दूध ठेवलंय का गॅसवर?"

पुढचा तास मी त्या पुस्तिकेची बाराही पानं दोनदा वाचली. साडेनऊला सायकलची घंटा वाजली. बाबालाल मिस्त्रींनी सायकल भिंतीला टेकवली, पिशवी खाली ठेवली, नाकानं हवा ओढली आणि माझ्याकडे बघितलं.

"लाल कुटं लावली, जावईबापू?"

मी दाखवलं.

"आन् काळी बॉडीला?"

"हो. काळी म्हणजे ऋण. ऋण नेहमी बॉडीलाच असतं."

मिस्त्री जरा अवघडले. "आवो, वर लिवलंय की एवढं मोटं."

"काय लिहिलंय?"

"अर्थ उलटा हाय म्हनून."

मी ओळीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "पण मिस्त्री, ते तत्त्वज्ञान आहे ना?"

"काय हाय?"

"म्हणजे आयुष्याबद्दल..."

"अर्थ म्हंजे अर्थ वं. अर्थिंग," मिस्त्री म्हणाले. "समद्या गाड्यांला बॉडीला मायनस असतंय. ह्या जुन्या विलायती गाडीला बॉडीला प्लस हाय. एका वायरमननं बॅटरी उलटी जोडून डायनामोची वाट लावली हुती. तवापास्नं लिवून ठेवलंय, कुनी हात लावंल तर त्येला कळाय पायजे म्हनून."

पेपर हळूहळू खाली आला.

"बाबालाल," नाना म्हणाले, "म्हणजे ते माणसाच्या जगण्याबद्दल नव्हतं?"

मिस्त्रींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "न्हाई सर. बॅटरीबद्दल हुतं."

"मग मी एवढी वर्षं सांगत होतो, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमी एवढं कौतुक करत हुतासा. म्या कशाला मधी बोलू?"

नानांनी पेपराची घडी केली, ती उलगडली, पुन्हा केली. एम.ए.च्या वीस तुकड्या त्यांच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात. मला हसू आवरत नव्हतं, पण ज्यानं नुकतंच मॉड्यूल जाळलंय त्यानं हसायचं नसतं. शेवटी नानाच म्हणाले, "असू दे. लेख चांगलाच आहे तो."

बाबालाल मिस्त्रींनी मला एका शब्दानंही टोचलं नाही, हे मला जास्त लागलं. त्यांनी जादा मॉड्यूल हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "ह्येला बॉडी मायनसच लागती?"

"हो."

"मग आपन गाडीचाच अर्थ सुलटा करू. काय अवघड न्हाई."

त्यांनी बॅटरी उलटी फिरवून जोडली, कॉइलच्या दोन तारा अदलाबदल केल्या. मग एका तारेचं टोक डायनामोला क्षणभर नुसतं टेकवलं, बारीक ठिणगी उडाली. "डायनामोला सांगायला लागतंय, आता दिशा बदलली म्हनून," ते म्हणाले. "न्हाईतर ते जुन्याच सवयीनं चालतंय." मॉड्यूल मात्र त्यांनी मलाच बसवायला लावलं. "तुमचं काम हाय, तुमीच करा," म्हणाले, आणि माझा हात चुकायला लागला की बोटानं फक्त जागा दाखवायचे.

किल्ली फिरवली. गाडी अशी सुरू झाली की जणू रात्रभर सुरूच होती. ना धडधड, ना खोकला. मिस्त्रींनी नेहमीसारखी मान तिरकी केली आणि ऐकायला लागले. बराच वेळ ऐकलं. सवयीनं स्क्रूड्रायव्हर उचलला, डिस्ट्रिब्यूटरपर्यंत नेला आणि तसाच परत आणला. फिरवायला काही नव्हतंच.

"हां," ते म्हणाले. मग पिशवीतून टर्पेंटाइनचा बोळा काढून ती ओळ पुसायला लागले.

"ते राहू द्या, बाबालाल," नाना म्हणाले.

"पन आता चुकीचं हाय सर."

"राहू द्या म्हणतो ना."

त्याच दुपारी आम्ही पन्हाळ्याला गेलो. नाना गाडी चालवत होते, शेजारी मृदुला निकालपत्र घेतल्यासारखी बसली होती, मागं मी. मिस्त्रींनाही चला म्हटलं होतं, पण त्यांनी घरी काम आहे असं सांगितलं. वाघबिळाच्या चढावर पुढच्या दोन नव्याकोऱ्या गाड्या धापा टाकत होत्या. मॉरिस तिसऱ्या गिअरमध्ये त्यांच्या शेजारून वर गेली. तीन दरवाजापाशी नानांनी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, आणि मागं वळून म्हणाले, "वा, पोतनीस."

आठ वर्षं लागली, पण मिळालं. परत येताना मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि मला सगळा मुलूख देखणा वाटत होता. गाडी राहणार, हे मृदुलानं रंकाळ्याजवळच जाहीर करून टाकलं.

पुढच्या रविवारी बाबालाल मिस्त्री साडेनऊला आले. बॉनेट उघडलं, बघितलं, लावलं. नानांनी खुर्ची पुढं केली, पण ते उभ्याउभ्याच चहा प्याले आणि पाव तासात गेले. त्याच्या पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्याही पुढच्या नाही. मी गेलो तेव्हा अंगणात दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. दुसरीवर मी बसायला गेलो तर नाना म्हणाले, "ती राहू द्या, आतून दुसरी आणा."

मी दुसरी आणली. नाना गाडीकडे बघत होते.

"पोतनीस, त्यात काही बिघडतच नाही का हो?"

"नाही," मी ऐटीत म्हणालो.

"कधीच?"

"दहा वर्षं तरी बघायला नको."

"दहा वर्षं," नाना म्हणाले. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

पोरांना इतकी वर्षं सर्किटं शिकवतोय, पण माझ्या स्वतःच्या डोक्यातला दिवा लागायला हा असा वेळ लागतो. मी म्हणालो, "मग मिस्त्रींना नुसतंच बोलवा ना. चहाला."

"काय म्हणून?"

"चहा म्हणूनच."

"अहो, ते कामाचं माणूस आहे," नाना जरा चिडूनच म्हणाले. "काम नसताना कसं बोलवायचं? त्यांना काय वाटेल?"

मी उद्यमनगरात गेलो. मिस्त्री पोराच्या शेडबाहेर स्टुलावर बसून रस्त्यावरच्या गाड्या ऐकत होते. आतलं सगळं काम आता पोरगं करत होतं. मी म्हटलं, "मिस्त्री, या की रविवारी."

"काय झालं? बंद पडली?" ते अर्धवट उठलेच.

"नाही, नाही. उत्तम चाललीय."

ते खाली बसले. "मग काय म्हनून यिऊ?"

"नाना वाट बघतात."

"सरांनी सांगितलं तसं?"

"नाही. पण मला दिसतंय."

"आवो जावईबापू," मिस्त्री समजुतीच्या आवाजात म्हणाले, "म्या दारात गेलो आन् सरांनी इचारलं, काय बाबालाल, काय काम काढलंत, तर काय सांगू? मोटी मानसं हायती ती. मानसाला काय तरी काम लागतंय वं, दुसऱ्याच्या दारात जायाला."

परत येताना मला स्वतःचा मनापासून राग आला. अडतीस वर्षं दोन माणसं एकमेकांना भेटत होती, आणि दोघांनीही एकमेकांना कधी भेटायला म्हणून बोलावलं नव्हतं. ते सगळं त्या दोन चिमुकल्या पॉइंटांच्या फटीत चाललं होतं आणि मी मोठ्या हुशारीनं ती फट बुजवली होती. वर त्याबद्दल शाबासकीही घेतली होती.

शनिवारी संध्याकाळी नाना फिरायला गेलेत हे बघून मी त्यांच्याकडे गेलो. बॉनेट उघडलं आणि झाकणातली दुसरी आणि तिसरी वायर एकमेकींच्या जागी खोचली. एवढंच. असल्या कामाला डिप्लोमा लागत नाही.

रविवारी मृदुला आणि मी सकाळीच माहेरी होतो. नानांनी मंडईत जायला गाडी काढायला घेतली. किल्ली फिरवली. मॉरिसनं दोन बार काढले, समोरच्या वहिनी गॅलरीत आल्या, आणि गाडी गप्प झाली. नानांनी पुन्हा फिरवली. पुन्हा दोन बार.

मृदुलानं कंबरेवर हात ठेवले. "झालं? मी काय म्हणत होते? आता त्या लग्नवाल्याला फोन..."

"गाडीत काही दोष नाही," मी म्हणालो. "माझ्या कामात आहे."

"म्हणजे?"

"मी बसवलेलं कच्चं आहे. माझंच चुकलंय. गाडी चांगली आहे, मिस्त्री असते तर हे झालं नसतं." हे वाक्य मी आदल्या रात्री पाठ केलं होतं. वर वहिनी ऐकत होत्या.

नाना गाडीतून उतरले. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "पन्हाळ्याला मी तुम्हाला वा म्हणालो, ते जरा घाईतच झालं." मग ते जवळजवळ धावत आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, फोनवरचा, आणि सासूबाई गेल्यापासून तो इतका खणखणीत मी ऐकला नव्हता. "बाबालाल, अहो आमच्या जावयांनी गाडीचा पार घोळ करून ठेवलाय. सगळी कामं टाकून या. हो, आत्ताच्या आत्ता." परत आले तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

वीस मिनिटांत सायकल आली. बाबालाल मिस्त्रींनी पिशवी ठेवली, बॉनेट उघडलं आणि आत नुसती नजर टाकली. त्यांची नजर गेली होती म्हणे. मला स्वच्छ दिसलं की त्या दोन वायरी त्यांना एका श्वासात दिसल्या.

"हितं कुनी हात लावलाय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"कवा?"

"काल संध्याकाळी."

आता त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, माझ्यामागं उभ्या असलेल्या नानांकडे बघितलं, त्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं. हा माणूस खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं. त्यानं खरं सांगितलं तर दोन मिनिटांत गाडी सुरू होणार होती आणि सगळं संपणार होतं.

"काय आहे, बाबालाल?" नानांनी विचारलं. "गंभीर आहे का?"

"लईच हाय, सर," मिस्त्री म्हणाले. "असलं काम आपन आजपतूर बघितलं न्हाई."

"पण दुरुस्त होईल?"

"हुईल की. पन येळ लागंल. सावकाशीनं बघायला लागंल." त्यांनी हात पुसले. "आन् ह्ये असलं परत परत व्हतंय, सर. अधनंमधनं येऊन बघायला लागंल."

"या की," नाना म्हणाले. "बसा आधी. पोतनीस, चहाचं बघता का जरा?"

मी आत चहाचं बघायला गेलो. पुढं नऊ वर्षं, नाना होते तोवर, मी बावडेकरांचा तो रेडिओवाला जावई राहिलो, ज्यानं चांगल्या चाललेल्या गाडीचं वाटोळं केलं. महिन्यातून एखाद्या शनिवारी मी काहीतरी नवीन वाटोळं करत असे. मृदुलाला अजून सांगितलेलं नाही. मिस्त्रींशीही यावर कधी एक शब्द झाला नाही.

त्या रविवारी दोन वायरी जागच्या जागी लावायला बाबालाल मिस्त्रींना साडेतीन तास लागले.